टाकीचा रंग: घिसाई घरी, शेवटचा हात पेंटरकडे

बाइकच्या टाकीला घरी स्प्रे कॅनने रंग मारला की दिसतो मस्त, पण पेट्रोल भरताना दोन थेंब सांडले की तिथेच रंग मऊ होऊन सुटतो, आणि पूर्ण काम पेंटरला दिलं तर बरेचसे पैसे घिसाईच्या मजुरीतच जातात. म्हणून काम वाटून घ्या. आम्ही इंदूरला असंच केलं, सामान तिथल्या सियागंज बाजारातून आणलं.

१. टाकी रिकामी करून काढा, पेट्रोल कॉक आणि झाकणही काढा, तोंडं मास्किंग टेपने बंद करा.

२. भांड्याच्या साबणाने धुवा. चेनच्या स्प्रेचा, पॉलिशचा चिकटपणा राहिला तर नवा रंग धरतच नाही, त्यामुळे इथे आळस नको.

३. खड्ड्यात पुट्टी भरा, वाळली की ३२० नंबरच्या सँडपेपरने घासा. हात फिरवून बघा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटांना बरोबर कळतो.

४. प्रायमर मारा, पूर्ण सुकू द्या, मग ६०० चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) हलक्या हाताने फिरवा.

आता रंग आणि त्यावरचा टू-के क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पेंटरकडून. हार्डनर मिसळलेला हा क्लिअरच पेट्रोल सोसतो, पण त्यात आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसांना फार वाईट, साध्या मास्कने भागत नाही, म्हणून घरी मारूच नका. कुठला प्रायमर चालेल हे मात्र पेंटरला आधीच विचारा.

आणि रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, तेव्हा जवळ ग्राइंडर, बिडी-सिगरेट, गॅस काहीही नको, काम गच्चीवर किंवा अंगणातच करा.