औषधांची स्वयंचलित फ्लुओरेसन्स तपासणी: या चुका टाळा

काही औषधांवर ठरावीक प्रकाश टाकला की ती चमकतात. हेच फ्लुओरेसन्स, आणि त्या चमकेवरून औषधाचं प्रमाण काढता येतं. ही चमक मोजणाऱ्या प्लेट रीडर यंत्रात ९६ खणांची प्लेट सरकवली की काही मिनिटांत ९६ आकडे पडद्यावर येतात. चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच नेटका दिसतो. म्हणून रीडिंगचा संशय आला तर लगेच सर्व्हिस इंजिनिअरला फोन करू नका. आधी नमुन्यात काय काय आहे ते तपासा.

उदाहरणार्थ, मलेरियावरचं औषध क्विनीन. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली फ्लुओरेसन्सवर जे काम मांडलं, त्यातही क्विनीनचं द्रावण होतं. पातळ सल्फ्युरिक आम्लातल्या या औषधावर ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ते ४५० च्या आसपास निळं चमकतं. पण गोळी विरघळण्याची चाचणी हायड्रोक्लोरिक आम्लात केली असेल, तर त्यातलं क्लोराइड ही चमक विझवतं. स्टँडर्ड (औषधाचं प्रमाण आधीच माहीत असलेलं, तुलनेसाठीचं द्रावण) सल्फ्युरिकमध्ये आणि नमुना हायड्रोक्लोरिकमध्ये असेल, तर उत्तम गोळीही नापास ठरते, आणि यंत्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दोन्ही एकाच माध्यमात ठेवा. शंका उरलीच तर नमुन्यात मोजून क्विनीन घाला आणि तेवढं परत मिळतं का ते पाहा.

दुसरी चूक दाट द्रावणाची. औषध वाढलं की चमक वाढणारच, असं गृहीत धरलं जातं. एका मर्यादेनंतर द्रावण स्वतःच प्रकाश गिळू लागतं, आलेख वाकतो आणि मग खाली येतो. म्हणजे द्रावणाच्या दोन वेगळ्या तीव्रतांना एकच रीडिंग! स्वयंचलित यंत्रणेत हे सहज निसटतं, कारण ट्यूबमधला गडद रंग पाहणारं कुणी नसतं. नमुना निम्मा पातळ करा. रीडिंगही जवळपास निम्मं झालं पाहिजे. तसं झालं नाही तर मूळ आकडा वापरू नका. ही तपासणी रोजच्या पद्धतीतच बसवावी, असं माझं ठाम मत आहे.

रीडरचा गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) ‘ऑटो’वर ठेवून दोन प्लेट्सची तुलना करणंही चूकच. गेन ठरवून टाका आणि प्रत्येक प्लेटवर स्टँडर्ड ठेवा, तेही सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. दिवा तापायला वेळ द्या. द्रावण गरम झालं की चमक सहसा घटते, त्यामुळे फ्रीजमधून काढलेली प्लेट लगेच वाचू नका.

राइबोफ्लेविनचं (ब-२ जीवनसत्त्वाचं) दुखणं वेगळं: ते उजेडात बिघडतं. ऑटोसॅम्पलरमध्ये (नमुने एकामागून एक आपोआप उचलणाऱ्या यंत्रात) रांगेत थांबलेल्या शेवटच्या ट्यूबचं रीडिंग पहिलीपेक्षा कमी आलं, तर गोळीला दोष देण्याआधी तपकिरी व्हायल वापरून पाहा.

ब्लँकच (औषध न घातलेलं द्रावणच) चमकत असेल तर भांडी कशाने धुतली ते विचारा. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींमधली आणि पांढऱ्याशुभ्र कागदांमधली उजळवणारी द्रव्यं निळीच चमकतात, अगदी क्विनीनच्या पट्ट्यात. पारदर्शक प्लेटऐवजी काळी वापरा, म्हणजे शेजारच्या खणातला प्रकाश येत नाही. ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकताना ३९७ च्या सुमारास दिसणारा लहान उंचवटा मात्र पाण्याचा रामन सिग्नल, म्हणजे पाण्यानेच विखुरलेला प्रकाश असतो. ती अशुद्धी नव्हे.

कारण सापडलं तरी जुनं रीडिंग पुसू नका. चूक, तिचा पुरावा आणि नवं रीडिंग ही तिन्ही ऑडिट ट्रेलमध्ये (प्रत्येक बदलाच्या नोंदीत) राहिली पाहिजेत, कारण त्या बॅचच्या गोळ्या कुणीतरी आजारी माणूस घेणार आहे.