शेततळ्यातले मासे वर्षभर कसे सांभाळायचे, आणि पहाटेची फेरी का चुकवायची नाही

यंदा आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडं बऱ्याच जणांनी शेततळ्यात मासे सोडायचं मनावर घेतलंय, रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो, बीज म्हणजे माशांची पिल्लं कधी टाकू, खाद्य किती देऊ, लाईट नसली तर काय, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. २०१६ ला ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून आपल्या भागात बांधाबांधाला तळ्याच्या अस्तराचं काळं प्लॅस्टिक दिसायला लागलं. पण हे तळं आपण डाळिंबासाठी केलंय, माशांसाठी नाही, हे आधी डोक्यात पक्कं ठेवा. पाण्याचा पहिला मालक बाग. मासे त्या पाण्यावरचं जोडपीक आहे आणि म्हणून त्यांचं सगळं वेळापत्रक बागेच्या पाण्यावर बसवावं लागतं, कोकणातल्या किंवा विदर्भातल्या तलावाचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून इथं चालत नाही.

बीज सोडायची घाई जूनमध्ये करू नका. पुस्तकात जून-जुलै लिहिलेलं असतं, पण आपला पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात, आणि दोन फूट गरम पाण्यात नाजूक बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून ती मारण्यापेक्षा तळ्यात निदान पाच-सहा फूट पाणी होऊ द्या, मग सोडा. विहिरीचं किंवा कॅनॉलचं पाणी तळ्यात घेता तिथं पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून बांधलं तरी चालतं. ही जाळी नसली की पाण्याबरोबर चिलापीची (तिलापिया माशाची) पिल्लं येतात आणि एकदा चिलापी तळ्यात शिरली की ती तिथंच अंडी घालते, तिची संख्या वाढत राहते, तुमचं खाद्य ती खाते आणि शेवटी जाळ्यात बोटाएवढ्या चिलापीच निघतात. उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी किती झालीय ते भिगवणच्या मासळी बाजारात एकदा जाऊन बघा. रोहू, कटला, मृगळ यांचं तसं नाही, ते साठलेल्या पाण्यात पिल्लं घालत नाहीत, दर हंगामाला बीज विकतच आणावं लागतं. आणि कुणी थाई मांगूर लवकर वाढतो म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्याच्यावर बंदी आहे आणि तो पळून ओढ्या-नाल्यात गेला तर तिथले गावठी मासे संपवतो.

किती सोडायचे? १० गुंठे पाण्याला ५०० ते १००० बोटुकली, त्याच्यावर नाही. पहिल्या वर्षी मी म्हणेन ६००-७०० च टाका. त्यात कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या, मृगळ तळातलं, म्हणून तिन्ही मिसळायचे, पण प्लॅस्टिकच्या तळ्यात तळाला माती नसते, मृगळला तिथं फारसं काही मिळत नाही, तर मृगळ कमी आणि रोहू-कटला जास्त असं मी करतो. जिरे म्हणजे अगदी बारीक पिल्लं स्वस्त पडतात म्हणून जिरे आणू नका, बेडूक आणि पाणकिडेच त्यातले निम्मे खातात. निदान तीन-चार इंची बोटुकली घ्या, आणि मिळाली तर मागच्या वर्षीची खुंटवलेली (दाटीत, कमी खाद्यावर ठेवलेली) ५० ते १०० ग्रॅमची घ्या, महाग पडतात पण आपल्याकडं पाणी आठ महिनेच टिकतं, तेवढ्यात विकायच्या मापाला येणारं बीज हेच.

बीजाच्या पिशव्या आल्या की लगेच फोडून ओतायच्या नाहीत, हे पण सांगून ठेवतो. बंद पिशवी तशीच तळ्यात २० मिनिटं तरंगू द्या, मग तोंड सोडून ओंजळ-ओंजळ तळ्याचं पाणी आत घाला, मग पिशवी आडवी करा, पिल्लं आपली आपण पोहत बाहेर जातात. सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना, दुपारच्या उन्हात नको.

आता पावसाळ्यातलं खरं संकट. २०२० च्या ऑक्टोबरात पंढरपूर-सांगोल्याकडं तो मोठा पाऊस झाला त्या आठवड्यातली गोष्ट आहे. माझ्या तळ्यात मागच्या वर्षीचे राखलेले मासे होते, बरेचसे अर्ध्या किलोच्या वर गेलेले, पाणी गर्द हिरवं झालेलं आणि मला वाटायचं हिरवं म्हणजे चांगलंच. तीन दिवस सूर्य दिसला नाही, मी मात्र रोजच्यासारखं खाद्य टाकत राहिलो, उलट दोन दिवस मासे कमी खातायत म्हणून जास्त टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी सातला गेलो तर बांधाच्या कडेला पांढरी पोटं वर करून मोठेमोठे मासे, आधी मोठेच गेले, लहान अजून पाण्याच्या वरच्या कातडीला तोंड लावून उघडमीट करत होते. दोनशेच्या वर मासे आम्ही बुट्टीनं उचलले आणि खड्ड्यात पुरले. घरच्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

झालं काय होतं ते मला नंतर कळलं. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच शेवाळ माशांसारखं प्राणवायू ओढून घेतं. म्हणून पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो दिवस उगवायच्या अगोदर. ढगाळ असलं की दिवसा भर पडतच नाही, रात्री खर्च मात्र चालूच, दोन-तीन दिवसांत शिल्लक संपते. त्यात न खाल्लेलं खाद्य तळाला कुजायला लागतं, ते आणखी प्राणवायू खातं. माशाला लिटरमागं ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला की तो मजेत असतो, ३ च्या खाली गेला की अडचण सुरू. आणि आपण तळ्यावर जातो सकाळी नऊला, चहा पिऊन, तेव्हा सगळं झकास दिसतं! म्हणून माझं प्रत्येकाला एकच सांगणं असतं, पहाटे पाच-साडेपाचला बॅटरी घेऊन तळ्याला एक चक्कर मारा, विशेषतः आभाळ असताना, आणि मासे वर येऊन तोंड वासतायत का एवढं बघा. बॅटरी मारल्यावर ते धपकन खाली गेले तर ठीक आहे, उजेड पडला, पाय वाजला तरी हलेनात तर वेळ थोडा उरलाय.

तसं दिसलं तर खाद्य, शेण सगळं बंद करा आणि पंप लावून तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून तळ्यात मारा, पाईपच्या तोंडाला आडवी फळी किंवा भोकाचा पत्रा धरला की पाणी फुटून पडतं, जेवढं फुटेल तेवढी हवा मिसळेल. बोअरचं पाणी सोडलं तर ते पण असंच फोडून सोडा, जमिनीतून आलेल्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो. आता थ्री फेज लाईटचं तर माहितीच आहे, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि नेमकी पावसात डीपी जाते. म्हणून एक छोटा पेट्रोलवरचा पाणी उपसायचा पंप किंवा डिझेल इंजिन तळ्याजवळ तयार ठेवा, त्यात तेल भरलेलं असू द्या, ते वर्षातून दोनदाच लागतं पण त्या दोनदा सगळं वाचवतं.

पाणी किती हिरवं चांगलं, तर घरातली पांढरी थाळी घ्या, काठीला आडवी बांधा आणि पाण्यात सोडत जा, साधारण फूटभर खोलीवर ती दिसेनाशी झाली तर पाणी बरोबर आहे. अर्ध्या फुटातच दिसेनाशी झाली तर शेवाळ फार झालंय, शेण थांबवा, खाद्य कमी करा, थोडं पाणी बागेला काढून नवीन घाला. दोन फुटावर पण थाळी चकचकीत दिसतेय तर पाण्यात माशाला खायला काही नाही, मग एका बारदानात २०-२५ किलो शेण भरून कोपऱ्यात अर्धं बुडवून बांधा, अर्क उतरला की गोणी काढून टाका. शेण सरळ तळ्यात ओतायचं नाही, ते तळाला बसून कुजतं आणि ड्रिपच्या फिल्टरला पण येतं.

खाद्याचं गणित सोपं आहे. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मं निम्मं, पेंड रात्री भिजवून, सकाळी कोंड्यात मळून भोकं पाडलेल्या पोत्यात भरून पाण्यात टांगायचं, मासे ढुसण्या देऊन खातात. माशांच्या एकूण वजनाच्या रोज २ ते ३ टक्के. म्हणजे ७०० मासे सरासरी २०० ग्रॅमचे असतील तर १४० किलो, त्याला दिवसाला तीन ते चार किलो. दीड-दोन तासांनी पोतं वर ओढून बघा, शिल्लक असेल तर उद्या तेवढं कमी. महिन्यातून एकदा फेकजाळ्यानं २०-२५ मासे धरून वजन करा, अंदाजानं चालू नका.

फवारणीबद्दल कळकळीनं सांगतो. डाळिंबाला आपण आठवड्याला औषधं मारतो आणि त्यातलं सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, क्लोरपायरीफॉस असलं औषध माशाला अत्यंत विषारी आहे, थेंबाच्या हिशोबात. ब्लोअरची टाकी तळ्याच्या बांधावर भरायची नाही, धुवायची तर अजिबात नाही, रिकाम्या बाटल्या बांधावर टाकायच्या नाहीत आणि वारं तळ्याकडं असेल त्या दिवशी तळ्याकडच्या चार ओळी सोडून द्या. रोजंदारीवर ड्रायव्हर येतो त्याला हे माहीत नसतं, त्याला स्वतः उभं राहून सांगा.

थंडी आली की मासा मंद होतो. पाणी २० अंशाच्या खाली जायला लागलं की खाद्य निम्म्यावर आणा आणि सकाळी न देता दुपारी बारा-एकला द्या, ऊन लागल्यावरच तो खातो. डिसेंबर-जानेवारीत अंगावर लाल चट्टे, मग जखमा दिसायला लागल्या तर दुर्लक्ष करू नका, तो लागणारा रोग आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेनं काढलेलं सिफॅक्स नावाचं औषध त्याला चालतं, हेक्टरला एक मीटर पाण्याला १ लिटर, म्हणजे आपल्या १० गुंठ्याला दर मीटर खोलीला १०० मिली, बादलीत पाणी घेऊन पातळ करून सगळीकडं शिंपडायचं. चुना टाका असं सगळेच सांगतात पण आधी पाण्याचा सामू (पीएच) तपासा. आपल्या बोअरचं पाणी मुळात जड, सामू साडेआठच्या पुढं असेल तर चुन्यानं उलट नुकसान. कमी असेल तर १० गुंठ्याला २० किलो, आदल्या दिवशी पाण्यात विझवून थंड झालेला, कधीच पेटता चुना माशांच्या पाण्यात नाही. याच दिवसांत पाणकावळे येतात, एकेक पाणकावळा भरपूर मासे गिळतो, तळ्यावर आडव्या सुतळ्या ताणून त्याला जुन्या कॅसेटची चमकी टेप बांधली की बराच फरक पडतो.

उन्हाळ्यात सगळी कसरत पाण्याची. डाळिंबाचा आंबे बहार (उन्हाळी बहार) धरला असेल तर फेब्रुवारीपासून बाग पाणी मागते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात नुसतं हवेत सेंटिमीटरभर पाणी रोज उडतं. १० गुंठ्याला एक सेंटिमीटर म्हणजे १० हजार लिटर, बागेला एक थेंब न देता! महिन्याला फूटभर. म्हणून जानेवारीतच काठीला खुणा करून काठी तळ्यात उभी करा, आज किती फूट आहे, बाग किती घेणार, ऊन किती घेणार, हे वहीत मांडा आणि पाणी पाच फुटावर येईल ती तारीख काढा. त्या तारखेच्या आधी मासे विकायला सुरुवात करायची, अजून वाढतील म्हणून थांबायचं नाही. मी स्वतः मार्चमध्ये मोठे मोठे काढून घेतो, म्हणजे उरलेल्यांना जागा आणि प्राणवायू दोन्ही मिळतं. धुळवडीला गावातच बांधावर विक्री होते, भिगवणला न्यायची गरज पडत नाही, भाव पण आपण सांगू तो. श्रावणात आणि मार्गशीर्षात गिऱ्हाईक निम्मं, तेव्हा काढायचं नियोजन करूच नका.

माशाचं पाणी ड्रिपला देताना सॅंड फिल्टर रोज उलटा धुवा, शेवाळानं तो पटकन बसतो, आणि पंपाच्या पाण्यातल्या टोकाला, म्हणजे फुटव्हॉल्व्हला, जाळीचा पिंजरा लावा नाहीतर पिल्लं ओढली जातात. जाळं ओढायला भोई लोकं बोलवाल तेव्हा शिशाच्या गोळ्यांचं जड जाळं प्लॅस्टिकवर ओढू देऊ नका, कडेच्या दोरीला जुन्या साडीची गुंडाळी करायला सांगा. पहाटे ओढा, मासा ताजा राहतो.

एक गोष्ट माशांपेक्षा मोठी. प्लॅस्टिकचा उतार शेवाळानं साबणासारखा होतो, पोहता येणारा माणूस पण वर चढू शकत नाही, आणि मासे असलेल्या तळ्याकडं पोरं खाद्य टाकायला म्हणून हमखास जातात. चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर वरून तळापर्यंत सोडा, वरचं टोक खुंटीला पक्कं बांधा, हवा भरलेली ट्रकची ट्यूब दोरीसकट कायम तिथंच ठेवा, आणि तारेचं कंपाउंड पैसे जमले की करू असं नको, बीज आणायच्या आधी करा. पहाटेच्या फेरीला एकटं जाताना पण बांधावरून आत वाकू नका.

मे अखेरीला तळं तळाला आलं की जो काळा गाळ राहतो तो खोऱ्या-फावड्यानं ओढू नका, प्लॅस्टिक फाटतं. रबरी वायपर आणि घमेल्यानं गोळा करून डाळिंबाच्या बुडाला टाका, जोमदार खत आहे ते, आणि तळ रिकामा असतानाच जोडाच्या पट्ट्या बघून फाटलेल्या ठिकाणी पॅच मारून घ्या, पहिला पाऊस पडल्यावर ते जमत नाही.