रानातल्या देवीची स्थापना: मुंबईकर मंडळींनी करायची तयारी

गावच्या राईत, म्हणजे देवीसाठी राखलेल्या रानात, देवीचं देऊळ बांधायचं ठरलं की मुंबईतल्या मंडळाच्या बैठकीत पहिला विषय वर्गणीचा निघतो आणि दुसरा मूर्तीचा. माझं सांगणं एवढंच की हे दोन्ही विषय जरा मागे ठेवा. कोकणातल्या बहुतेक रायांमध्ये देवी आधीपासून असतेच. कुठे तांदळा (न घडवलेला गोल दगड), कुठे शेंदूर लावलेला पाषाण, कुठे नुसतं वारूळ. वाघजाई, काळकाई, सातेरी, भगवती, नाव कुठलंही असो, तिच्या जागेत आपण जातोय. म्हणून यादीतलं पहिलं काम गावी जाऊन करायचं: गुरव आणि मानकरी यांच्यासमोर गाऱ्हाणं घालून कौल, म्हणजे देवीचा होकार-नकार, घ्यायचा. वरळी कोळीवाड्यात गोल्फादेवीला कौल लावणारी माणसं मुंबईत आजही आहेत, तेव्हा कौलाचं मोल इथे वेगळं सांगायला नको. फक्त प्रश्न सुटे सुटे विचारा. छप्पर चालेल का, घडवलेली मूर्ती चालेल का, मूळ पाषाण जागेवरच राहायचा का. कित्येक रायांतली देवी डोक्यावर छप्पर घेत नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. तसा कौल आला तर चौथरा आणि दीपमाळ बांधावी आणि तिथेच थांबावं. मूर्तीला होकार मिळाला तरी जुना पाषाण हलवू नका. नवी मूर्ती त्याच्या मागे उभी राहील, पहिली पूजा त्याचीच होईल.

आता जमीन. इथे घाई केली तर पुढचं सगळं अडतं, म्हणून यावर दोन-तीन महिने गेले तरी चालतील. सातबारा काढा आणि कब्जेदाराच्या रकान्यात कोण आहे ते बघा. देवस्थान इनाम असेल तर ती जमीन विकता येत नाही. ‘महाराष्ट्र शासन, वने’ असं असेल, किंवा इतर हक्कांत वनखात्याची नोंद असेल, तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय तिथे नवं बांधकाम करता येत नाही. ‘देवाच्या कामाला कोण अडवतंय’ असं बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच. अडवतात, आणि अर्धवट जोतं तसंच पडून राहतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन प्रकरणात सांगितलं आहे की मालकी कुणाचीही असो, जे प्रत्यक्षात जंगल आहे त्याला हा कायदा लागतो. तेव्हा वनपाल किंवा परिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून लेखी उत्तर घ्या. माझ्या मते उत्तम मार्ग असा: राईच्या बाहेर, पायवाट जिथून आत शिरते तिथे कुणाची खासगी मोकळी जागा असेल तर सभामंडप तिथे बांधावा आणि आतल्या देवीपाशी काहीही वाढवू नये. तिथेही ग्रामपंचायतीची परवानगी आणि बिगरशेतीचं बघावं लागेल. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं खासगी जमिनीतली असली तरी विनापरवाना तोडता येत नाहीत, त्यासाठी १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे.

झाडांविषयी मी थोडं जास्त बोलणार आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वि. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास केला. सगळीकडचं रान तुटलं तरी देवीच्या भीतीने आणि मायेने हे तुकडे राखले गेले, हे त्यातून पुढे आलं. मनगटापेक्षा जाड गारंबीचे वेल, ढोली असलेले जुने बेहडे, खालून बारमाही वाहणारा झरा, हे सगळं देवीचंच आहे. टिकाव मारण्याआधी जागेतलं प्रत्येक झाड मोजून, नाव लिहून, त्याचा नकाशा करा. जोत्यासाठी जागा झाडांमधून शोधायची. एक झाड आड आलं तर नकाशा बदलायचा. ट्रकसाठी राईतून रस्ता पाडायचा नाही. जांभ्याचे चिरे पायवाटेपर्यंत गाडीने आणि पुढे माणसांनी डोक्यावरून न्यावेत. गावच्या जत्रेला शंभर तरुण मुंबईहून जातात, एका रविवारी हे काम होतं.

बांधकाम साधं ठेवा: जांभ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, ओटीवर दगडी फरशी. कोकणच्या पावसात सपाट स्लॅब गळतोच, आणि पुढे गळतीच्या दुरुस्तीतच वर्गणी जाते. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवेवर कडक होतो, तेव्हा तो काढून काही काळ ठेवायला वेळ धरा. देणगीदारांची नावं एकाच फलकावर, मंडपात. झाडाला खिळा ठोकून पाटी लावायची नाही, भिंतीला ऑइलपेंट नाही.

देवळाच्या न्यासाची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली होते. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातही काम होऊ शकतं, पण जमीन गावची असल्याने मी जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदणी करणं पसंत करीन. सुनावणीच्या तारखेला गावकऱ्यांना जाता येतं. विश्वस्तांत निम्मे तरी गावात राहणारे हवेत, आणि गुरवांचं घर त्यात हवंच. बँक खातं न्यासाच्या नावाने उघडल्यावरच पावतीपुस्तक छापा.

मुहूर्ताचं गुरुजींना विचाराल तेव्हा उत्तरायणातले महिने पुढे येतील. माझा आग्रह माघाचा. वैशाखात झऱ्याचं पाणी कमी झालेलं असतं, पाचोळा कडकडीत वाळलेला असतो आणि होमाच्या एका ठिणगीने वणवा लागू शकतो. शिवाय उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात. होमाचा धूर वर गेला की माश्या उठतात आणि मग पळायला जागा राहत नाही. म्हणून होमकुंड राईबाहेरच्या मंडपात, भोवती पाचोळा झाडून, पाण्याचे पिंप भरून. स्थापनेच्या आदल्या आठवड्यात मोहोळं कुठे आहेत ते माहीतगार माणसाला घेऊन बघून ठेवा. माघाच्या सुमारास धनेश पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेण्याचे दिवस सुरू होतात, आणि नर बाहेरून तिला फळं भरवतो. तेव्हा फटाके आणि डीजे पूर्ण बंद. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर कायद्यानेच चालत नाही. राईत तो दिवसाही नको, सनई-चौघडा आणि ढोल पुरे.

मूर्ती पाथरवटाकडे निदान सहा महिने आधी सांगा. अडीच फुटांची काळ्या पाषाणाची मूर्ती सहज दीडशे-दोनशे किलो भरते, तेव्हा शेवटच्या चढणीवर ती कोण उचलणार, कावड कशी बांधणार हे आधी ठरवा. टेम्पोत गवताच्या जाड थरावर आडवी, डोळे झाकून. नेत्रोन्मीलन, म्हणजे मूर्तीचे डोळे उघडणं, स्थापनेच्या विधीतच होतं. त्याआधी जलाधिवास, धान्याधिवास, शय्याधिवास, म्हणजे मूर्तीला पाण्यात, धान्यात आणि शय्येवर ठेवण्याचे विधी असतात. धान्य गावच्या शेतातलं असावं, प्रत्येक घरातून पसाभर. बाकी सामान मुंबईतून न्यायचं ते एकाच फेरीत: समई, घंटा, कलश तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून, होमाचं साहित्य भुलेश्वरहून. फुलं मात्र दादरहून नेऊ नका. माघात गावात जे फुललेलं असेल तेच देवीला. ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. नायलॉनच्या साड्यांचा ढीग होऊ नये म्हणून हे आमंत्रणातच लिहा.

महाप्रसाद गावात, राईत चूल नाही. पत्रावळी पानांच्या. पाण्याच्या बाटल्या आत नेऊ द्यायच्या नाहीत, वेशीपाशी पिंप आणि तांबे. राईत अनवाणी जायची रीत आहे ती पाळावी, पण कोकणात फुरसं हा विषारी साप फार, म्हणून वाट आदल्या दिवशी झाडून घ्या, रात्रीसाठी बॅटऱ्या ठेवा आणि जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे ते फोन करून नक्की करा. एक गाडी चालकासह दिवसभर उभी.

राहिलं ते सगळ्यांत महत्त्वाचं, आणि वर्गणीच्या हिशेबात ते पहिल्या ओळीत लिहा. आषाढात मुंबईकर कुणी नसतात, ओढा भरून वाहतो, आणि तरी रोजची दिवाबत्ती व्हायची असते. गुरवांचं मानधन, तेल-वाती, ओढ्यावरच्या साकवाची (लहान पुलाची) दरवर्षीची डागडुजी, पावसाआधी कौलं चाळण्याची मजुरी यासाठी ठेव वेगळी काढा, आणि तिच्या व्याजातून हा खर्च निघेल एवढी ती जमल्याशिवाय जोत्याचा नारळ फोडू नका. गुरवांच्या घरातली पुढची पिढी पूजा करणार आहे की नोकरीसाठी मुंबईला येणार आहे, हेही त्यांना आत्ताच, घरी बसून, मोकळेपणाने विचारा. ती येणार असेल तर गावातल्या दुसऱ्या कुणाला ही सेवा देता येईल का, याचाही कौल त्याच दिवशी घ्यावा.