गाण्यातला अडलेला शब्द शोधायचा कसा

ज्ञानेश्वरांचं 'कानडा हो विठ्ठलू' आशाताईंच्या आवाजात आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण 'खोळ बुंथी घेऊनी खुणेची पालवी, आळविल्या नेदी सादु' म्हणजे काय विचारलं की बरेच जण अडखळतात. नेटवर मिळणाऱ्या अर्थांवर लगेच विश्वास ठेवू नका, जरा स्वतः शोधून बघा, फार मजा येते.

आधी शब्द नीट मिळवा. कानाला ऐकू येतो तो आणि छापलेला वेगळा असू शकतो, म्हणून गाथा काढून मूळ अभंग बघायचा, आणि शक्यतो पूर्ण बघायचा कारण गाताना कडवी गाळतात.

मग प्रत्यय सोडवा. 'नेदी' कोशात सापडला नाही तर तो न + देई, म्हणजे देत नाही, असा फोडून बघा. 'पालवी' वाचून झाडाची पालवी डोळ्यापुढे येते पण इथे ते क्रियापद आहे, पालवणे म्हणजे हाताने किंवा पदराने खुणावून बोलावणे. म्हणजे हा विठ्ठल खुणेने बोलावतो आणि आपण हाक मारली की ओ देत नाही! जुन्या कोशात क्रियापदं 'णें' अशी अनुस्वार देऊन छापलीत, तसं शोधा.

कोश कुठले तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (1857ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत. संतांच्या भाषेसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा 1999चा जुन्या मराठीचा कोश सगळ्यात भारी. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश. नुसता उच्चार जुळतो म्हणून हा शब्द त्या भाषेतून आला असं कुणी ठोकून दिलं तर मानू नका, जुन्या शब्दापासून आजच्या शब्दापर्यंतची मधली रूपं दाखवा म्हणायचं.

खरा धोका ओळखीच्या शब्दांत असतो. याच अभंगात पुढे 'क्षेमालागी मन उतावीळ माझे, म्हणवोनि स्फुरताती बाहो' आहे. क्षेम म्हटलं की आपल्याला खुशाली आठवते, पण मग बाहू का स्फुरतायत? कारण इथे क्षेम म्हणजे आलिंगन, जुन्या पोथ्यांत 'क्षेमालिंगन' असा जोडशब्दही भेटतो. कोशात चार अर्थ दिले असले तरी कुठला घ्यायचा ते शेजारचे शब्दच सांगतात. आणि कधी दोन्ही अर्थ ठेवावे लागतात, 'कानडा' म्हणजे कर्नाटकातला आणि जुन्या मराठीत न कळणारा, अगम्यसुद्धा, त्यातला एक खोडलात तर ओळ अर्धी होते.

शेवटी गावाकडच्या माणसांना विचारा. 'खोळ' कित्येक ठिकाणी आजही चालतो, पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतात ती खोळ. बुंथी म्हणजे डोक्यावरून ओढून घेतलेलं वस्त्र. तुमच्याकडे त्याला दुसरा शब्द असेल तर तोही टिपून ठेवा, गावाच्या नावासकट.