डॅनिश नाती पाठ करायचीत? मध्ये इंग्रजी आणू नका

लेकीचं सासर डेन्मार्कातलं. नात बोलायला लागली तसे कोथरूडच्या घरी मी फ्रीजवर नात्यांचे शब्द चिकटवले. आठवड्यात पाठ झाले, कारण ते मी थेट मराठीवरून शिकले. 'अंकल-आंटी' डोक्यात आलं की घोळ झालाच.

आधी चारच शब्द घ्या. मोर म्हणजे आई, फार म्हणजे बाबा, ब्रोर भाऊ, सोस्टर बहीण. शेवटचा 'र' लिहितात, बोलताना तो विरघळतो: 'मोअ', 'फा'. पुढे नुसतं जोडकाम. आईची आई मोरमोर, आईचे वडील मोरफार, बाबांची आई फारमोर आणि बाबांचे वडील चक्क फारफार! आपल्याकडे दोन्ही आज्या आजीच. तिथे कुणाकडची ते हाकेतच कळतं. आमच्या ह्यांनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर हौसेनं "मी फारफार" म्हणून सांगितलं, आणि पलीकडे खरे फारफार कॉफी पीत बसलेले.

मामा मोरब्रोर, काका फारब्रोर. मावशी मोस्टर आणि आत्या फास्टर, म्हणजे मोर-सोस्टर, फार-सोस्टर बोलून बोलून झिजलेले. आपली मावशी तरी काय, संस्कृतातल्या 'मातृष्वसा'चीच झीज. अर्थ तोच, आईची बहीण. मामी-काकूंना मात्र असा खास शब्द नाही. टान्टे म्हणतात, नाहीतर सरळ नावानं हाक. चुलत, आते, मामे, मावस सगळे एकाच पंगतीला: मुलगा फेटर, मुलगी कुसीने.

सासू स्वीगरमोर, सासरे स्वीगरफार ('ग' जेमतेम ऐकू येतो). पण नणंद, मेहुणी, वहिनी तिघी मिळून एकच स्वीगरिने, आणि दीर, मेहुणा, भावोजी सगळे स्वोगर. इथे आपली भाषा श्रीमंत, मान्यच करा.

सावत्र वडिलांना पापफार म्हणतात. पापाचा संबंध नाही. 'पाप' म्हणजे पुठ्ठा. पुठ्ठ्याचे बाबा! तिथे हे सहज, चारचौघांत म्हणतात. आपल्या 'सावत्र'सारखं ते टोचत नाही.

विहीणबाईंसाठी शब्द मला सापडलाच नाही. मग नातीच्या तोंडचा उचलला, त्यांना फारमोर म्हणते. त्या मला 'विहिनबाय' म्हणतात. 'ण' अजून जमत नाही.