यूएसबीवरून नेटवर्कचा वेग मोजताना
झेफरवर (छोट्या बोर्डांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) माझी पद्धत अशी. झेडपर्फचा (झेफरमधलं वेग मोजायचं साधन) नमुना प्रोग्राम यूएसबी ईथरनेटसह (यूएसबी केबलवरून नेटवर्क) बिल्ड करून बोर्डवर चढवा. बोर्डचा पत्ता १९२.०.२.१, लॅपटॉपच्या बाजूला १९२.०.२.२, आधी पिंग करून दोघं जोडलेत का ते बघा. मग बोर्डच्या शेलवर ५००१ पोर्टला यूडीपी डाउनलोड (पोचपावतीशिवाय येणारी पाकिटं बोर्डने घेणं) सुरू करा आणि लॅपटॉपवरून आयपर्फ (वेग मोजायचं तिकडचं साधन) सोडा. आयपर्फ मात्र दुसऱ्या आवृत्तीचंच! तिसरी झेडपर्फशी बोलतच नाही. यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

फुल स्पीड यूएसबी (नाव तसं असलं तरी हळू प्रकार) म्हणे सेकंदाला १२ मेगाबिटची. पण एका मिलिसेकंदात ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ बल्क (मोठा डेटा नेणारी) पाकिटं मावतात, म्हणजे सेकंदाला ९.७ मेगाबिटच, त्यातून हेडर (पाकिटावरचा पत्ता वगैरे मजकूर) वजा. तेव्हा १० मेगाबिटने ओतलंत तर गळती होणारच, बोर्डला शिव्या देऊ नका. मी ५ पासून चढत जातो. पाकिटं गळू लागली की थांबतो.