धोरणकर्त्यांना भेटण्यापूर्वी : बालशिक्षकांच्या नेतृत्व प्रशिक्षणाची पूर्वतयारी

नेतृत्व प्रशिक्षणासाठी नाव नोंदवतानाच धोरणकर्त्यांपुढे मांडायची आपली मागणी कागदावर लिहून काढावी आणि ती एका वाक्यात मावते का, हे पाहावे. वेतन, सेवाशर्ती, गटातील मुलांची संख्या, अपुरी जागा, प्रशिक्षणाचा अभाव असे बालशिक्षकांचे प्रश्न अनेक असतात आणि ते सगळे खरे असतात. पण सगळे एकाच निवेदनात घातले की वाचणाऱ्याच्या लक्षात त्यांतला एकही राहत नाही. ‘बालशिक्षणाकडे गांभीर्याने पाहावे’ ही मागणी नव्हे, कारण ती मान्य झाली की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. ‘तीन वर्षांखालील मुलांच्या प्रत्येक गटासाठी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती नेमण्याची तरतूद पुढील अंदाजपत्रकात करावी’ ही मागणी आहे, कारण अंदाजपत्रक उघडले की उत्तर समोर दिसते. उरलेले प्रश्न सोडून द्यायचे नाहीत; त्यांची वेगळी नोंद ठेवावी.

यानंतर ही मागणी मान्य करण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, याचा शोध घ्यावा. अनेक देशांत तीन वर्षांखालील मुलांचे संगोपन एका खात्याकडे आणि पूर्वप्राथमिक शिक्षण दुसऱ्या खात्याकडे असते. नियम एक कार्यालय करते, निधी दुसरे देते आणि तपासणी तिसरे करते. त्यामुळे चुकीच्या दारात जाऊन सहानुभूतीचे चार शब्द घेऊन परतण्याची वेळ चांगल्या चांगल्या शिष्टमंडळांवर येते. अंदाजपत्रक सभागृहात मांडले जाते तेव्हा त्यातील आकडे बहुधा ठरून गेलेले असतात. म्हणून खाती आपापल्या मागण्या एकत्र करत असतात तो काळ कोणता, हे विचारून घ्यावे आणि भेटीची तारीख त्यानुसार मागावी.

सोबत न्यायची कागदपत्रे थोडी असावीत, पण ती मुळातून वाचलेली असावीत. संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करार आणि लहान वयातील मुलांच्या हक्कांचे स्पष्टीकरण करणारे त्याच्या समितीचे 2005 सालचे सातवे सर्वसाधारण भाष्य हा पाया समजावा. 2015 मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी 4.2 हे लक्ष्य 2030 पर्यंत सर्व मुलामुलींना दर्जेदार बालसंगोपन आणि पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे असे सांगते. नोव्हेंबर 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक परिषदेत संमत झालेल्या ताश्कंद जाहीरनाम्यात शिक्षणावरील खर्चाचा किमान 10 टक्के हिस्सा पूर्वप्राथमिक शिक्षणाला देण्याची बांधिलकी नमूद आहे. शिक्षकांच्या वेतनाविषयी आणि कामाच्या परिस्थितीविषयी बोलायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 2014 साली प्रसिद्ध झालेली बालशिक्षण कर्मचाऱ्यांसाठीची धोरणात्मक मार्गदर्शक तत्त्वे अवश्य वाचावीत. आपल्या क्षेत्रात ती फार थोड्यांच्या वाचनात असतात, याची खंत वाटते. मात्र या सर्वांपेक्षा आपल्या देशातील केंद्रमान्यतेचे, म्हणजे बालशिक्षण केंद्रांना मान्यता देण्याचे, नियम अधिक काळजीपूर्वक वाचावेत, कारण चर्चा शेवटी त्यांच्यावरच येऊन थांबते.

संशोधनाचा आधार घेताना विशेष सावध राहावे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी येथे 1962 ते 1967 या काळात झालेला पेरी प्रीस्कूल प्रकल्प जवळपास प्रत्येक भाषणात येतो. गरीब कुटुंबांतील 123 कृष्णवर्णीय मुलांचे दोन गट करून, एका गटाला पूर्वप्राथमिक शिक्षण देऊन, त्यांचा मागोवा वयाच्या चाळिशीपर्यंत आणि पुढेही घेण्यात आला आणि त्या शिक्षणाचे लाभ प्रौढपणीही टिकल्याचे दिसले, एवढे सर्वजण सांगतात. तेथे एका शिक्षकामागे साधारण सहाच मुले होती, शिक्षक पूर्ण प्रशिक्षित होते आणि ते दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईशी व मुलाशी दीड तास काम करत होते, हे सांगायचे मात्र राहून जाते. तीस मुलांमागे एक शिक्षिका नेमून तोच परतावा मिळेल असे सुचवणे चुकीचे तर आहेच, शिवाय ते आपल्याच मागणीच्या मुळावर येते, कारण स्वस्तात तेच मिळत असेल तर दुसरी व्यक्ती कोण नेमणार? म्हणून प्रकल्पाचे परिणाम आणि त्यामागची परिस्थिती नेहमी एकत्र मांडावी. मागणीला खरे बळ त्या परिस्थितीतूनच येते.

याच कारणाने स्वतःच्या केंद्रातील निरीक्षणे प्रशिक्षणापूर्वीच गोळा करावीत. दिवसातील एकच वेळ निवडावी, उदाहरणार्थ जेवणापूर्वी हात धुण्याची. एक शिक्षिका नळाजवळ उभी आहे, एकाच्या बाह्या दुमडून देते आहे, दुसऱ्याचा तोल सावरते आहे; मागे रांगेत एक मूल रडू लागले आहे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोघांची एका खेळण्यावरून ओढाताण चालली आहे. हे काम केव्हा सुरू झाले, केव्हा संपले, खोलीत मोठी माणसे किती होती आणि या काळात कोणत्या मुलाकडे कोणालाही जाता आले नाही, एवढेच लिहावे. आठवडाभर त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने नोंद करावी. फक्त सर्वांत वाईट दिवस निवडू नये, कारण प्रश्न विचारणाऱ्याला ती निवड लगेच ओळखू येते. मुलांची नावे, छायाचित्रे आणि कुटुंबांची ओळख पटेल असा तपशील कोणत्याही कागदावर येता कामा नये. पालकांना आपला अनुभव स्वतः मांडायचा असेल, तर त्यांना सोबत न्यावे.

बोलण्याचा सराव मोठ्याने आणि घड्याळ लावून करावा. मागणी तीन मिनिटांत मांडता आली पाहिजे, कारण भेटीची वेळ आयत्या वेळी कमी होणे नेहमीचेच आहे. ‘मुले तर नुसती खेळतात, त्यासाठी प्रशिक्षित माणूस कशाला?’ या प्रश्नाने अनेक अनुभवी शिक्षिका दुखावतात आणि गप्प होतात, म्हणून त्याचे उत्तर आधीच तयार ठेवावे. उंच, अरुंद पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतल्यावर ते कमी झाले असे मुलाला वाटते. शिक्षिका त्याला चूक म्हणत नाही, तेच पाणी पुन्हा पेल्यात ओतून पाहायला सांगते आणि ‘आता काय झाले?’ एवढेच विचारून थांबते. केव्हा विचारायचे आणि केव्हा थांबायचे, हे शिकावे लागते, असे शांतपणे सांगावे.

व्यवस्थेच्या गोष्टी थोडक्यात, पण लेखी उरकाव्यात. रजेची मंजुरी घ्यावी, आपण संस्थेच्या वतीने बोलणार की व्यक्तिशः हे ठरवून घ्यावे आणि त्या दिवसांसाठी मुलांच्या ओळखीची बदली व्यक्ती मिळवावी. आयोजकांनी प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाचे वेतन द्यावे, असा आग्रह धरण्यात संकोच करू नये. तसे झाले नाही तर ज्यांना परवडते तेच पुढे येतात आणि मदतनीसांचा आवाज नेतृत्वाच्या यादीत कधी पोहोचतच नाही. केंद्रचालक आणि कर्मचारी एकाच शिष्टमंडळात असतील, तर वेतनाबाबतचे मतभेद आधीच आपसात बोलून घ्यावेत.

भेटीच्या दिवशी एका पानाचे टिपण, त्याची पोच घेण्यासाठी दुसरी प्रत आणि निरीक्षणांची वही बरोबर असावी. कोण बोलणार, कोण लिहून घेणार आणि आकड्यांविषयीच्या प्रश्नांना कोण उत्तर देणार, हे आधीच वाटून घ्यावे. माहिती हाताशी नसेल तर अंदाजाने आकडा सांगू नये. अमुक दिवसापर्यंत लेखी कळवतो असे सांगावे आणि ती तारीख पाळावी. त्याच संध्याकाळी कोणी काय मान्य केले याचे इतिवृत्त तयार करून ते पत्राने संबंधित कार्यालयाला पाठवावे आणि पुढच्या पाठपुराव्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावाने नोंदवावी. अधिकाऱ्यांची बदली झाली तर नव्या अधिकाऱ्यांना देण्यासाठी मूळ टिपण, पोच आणि सर्व पत्रव्यवहार एका फाइलमध्ये तारीखवार लावून ठेवावा.